विसरवाडीला अडकलेला कंटेनर

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या घरी कुणालाच सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते, "ती केळीच्या कंपनीत फोनवर असते." पुण्याला जाऊन सप्लाय चेन मॅनेजमेंट शिकले, शहाद्याला परत आले, आणि आईचं वाक्य फारसं चुकीचंही नाही. म्हणूनच ते जास्त झोंबतं.

आमची कंपनी तापीकाठची केळी आखाती देशांत पाठवते. शेतातून घड कापून पॅकहाऊसला येतात, फण्या तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, खोक्यांत भरल्या जातात, खोकी थंड कंटेनरमध्ये चढतात आणि कंटेनर गुजरातच्या बंदराकडे जातो. हे सगळं एकामागून एक, वेळेवर व्हावं हे बघणं माझं काम. पण यातलं काहीच माझ्या हातात नसतं. हातात असतो फक्त फोन.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रिकामा कंटेनर बंदराहून सकाळीच प्रकाशा गावाजवळच्या आमच्या पॅकहाऊसला पोचायचा होता. उजाडताना ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, विसरवाडीच्या अलीकडे ट्रेलर उलटलाय. पुढे-मागे सगळ्या गाड्याच गाड्या."

विसरवाडीची रांग मला माहीत होती. तिथे एकदा गाडी अडकली की दिवस गेला समजायचं. मी लगेच शेतकरीकाकांना फोन लावला. प्रकाशाचे हे गुजर काका घरी गुजरी बोलतात, माझ्याशी अहिराणी.

"ताई, गाडी कोठे शे?"

"विसरवाडीच्या अलीकडे अडकलीय काका. इतक्यात कापू नका."

"माणसं बागमा उभी शेतस. माल तयार शे."

"संध्याकाळपर्यंत थांबा. झाडावर आहे तोवर माल सुरक्षित आहे."

काका नाराजीनं हो म्हणाले. मग मी पुण्याला साहेबांना कळवलं. साहेब हेड ऑफिसात नकाशावर कंटेनरचा ठिपका बघत बसलेले. "अगं, ठिपका हलतोय. दुपारपर्यंत येईल. कापणी थांबवू नकोस, जहाज चुकेल."

"सर, रांगेत गाडी वीतभर सरकली तरी ठिपका हलतो."

साहेबांनी फोन ठेवला आणि मला वगळून थेट पॅकहाऊसच्या सुपरवायझरला आदेश दिला. मी तिथे पोचले तेव्हा घड येऊन पडले होते. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठा साहेबना फोन उना. मंग मी कोनं ऐकू?"

ते बरोबरच बोलत होते.

फण्या धुणं आणि भरणं बायका करतात. धडगावच्या रस्त्याला घाटातल्या पाड्यांवरून त्या सामायिक जीपनं येतात. दुपारी सगळी खोकी भरून तयार, शीतगृह आदल्या दिवशीच्या मालानं गच्च, आणि कंटेनरचा पत्ता नाही. पत्र्याखाली उकाडा असा, की खोक्याला हात लावला तरी गरम लागायचं. बायका भिंतीशी बसून होत्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई, जिचं सगळ्या ऐकतात, शाळेतल्या मराठीत जपून म्हणाली, "मॅडम, आम्ही किती थांबायचं? जीपवाला अंधारात घाट चढत नाही."

गाडी भरायला हात लागणार होते, हे मला कळत होतं. पण घाटात अंधारात त्या जीपमध्ये कोण बसणार होतं? साहेब की मी? "ऊन आहे तोवर निघा," मी म्हणाले. सुपरवायझर डोक्याला हात लावून बसला.

कंटेनर दिवेलागणीला आला. ड्रायव्हरचे डोळे लाल झालेले. रांगेत गाडी उभी असताना थंड करणाऱ्या मशीनचं डिझेल संपलं होतं. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. साहेब फोनवर होतेच. "ताबडतोब भरा. वाटेत थंड होईल."

"नाही होणार सर. गरम पेटीत गरम केळी घातली तर जहाजावरच पिकतील. एक खोकं पिकलं की सगळी पिकतात."

"हा निर्णय तुझा नाही."

"मग दार तुम्ही येऊन लावा," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की काका, ड्रायव्हर, सुपरवायझर सगळे वळून बघायला लागले. कंटेनर रिकामाच उभा राहिला.

जहाज चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका परत आल्या आणि त्यांनीच ती खोकी साध्या ट्रकांत भरली. माल कमी भावात सुरतच्या बाजारात गेला. काका म्हणाले, "तुमनं परदेश काय कामनं? मन्हा माल सुरतमाच गया ना!" त्यानंतर कितीतरी दिवस ते माझा फोन उचलत नव्हते. साहेबांच्या अहवालात तीन चुका होत्या: कापणीला विरोध, मजुरांना परस्पर सुट्टी, माल भरण्यास नकार. तिन्ही माझ्या. ट्रेलर, डिझेल आणि ठिपका यांचं नावही नव्हतं. शिक्षा म्हणून मला संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे आम्हाला हसून बोलायला शिकवलं.

पावसाळ्यात मी पुण्याच्या दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली. समोरच्या बाईंनी विचारलं, "कामातला असा एखादा निर्णय सांगा, जो तुम्हाला योग्य वाटतो." मी हाच सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जहाज चुकलं?"

"हो. चुकलं."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

मी अजून केळीच्याच कंपनीत आहे. साहेबांना बढती मिळाली. काका पुन्हा बोलायला लागलेत, कारण माल घ्यायला दुसरं कुणी आलं नाही. आता कापणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः ड्रायव्हरला डिझेलचं विचारते. ही गोष्ट माझ्या कामात कुठेच लिहिलेली नाही. परवा विचारलं, तर नवा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी चालवता का?"

"नाही," मी म्हणाले. "मी फोनवर असते."