कंदील द्या, दिवा घ्या

किस्से आणि चिंध्या सारख्याच. उपयोग नसतो, पण टाकवत नाहीत, आणि एक दिवस बघावं तर गाठोडं झालेलं. इथल्या आमच्या चँडलर गावातल्या मराठी मंडळींनी दोन हजार पाचच्या सुमारास सोलर दिव्यांचं जे काम केलं, त्याचं असंच गाठोडं माझ्यापाशी आहे. मंडळी त्याला प्रोजेक्ट म्हणतात. म्हणोत बापडी.

काम असं, की चँडलरहून उत्तरेला चार-पाच तास गाडी हाणली की नावाहो या इथल्या मूळ आदिवासी लोकांचा मुलूख लागतो. उघड्या माळावर एकेकटी घरं, आणि कित्येक घरांपर्यंत विजेची तार पोचलेलीच नाही. अमेरिकेत! संध्याकाळ झाली की रॉकेलचे कंदील. माझा मुलगा श्रीकांत आणि त्याचे मित्र, सगळे चिप बनवणारे इंजिनियर, शनिवारी तिथे जाऊन छपरावर पॅनेल आणि घरात बॅटरी, दिवा बसवायचे. पुढारी नागपूरचा मिलिंद. हुशार, सज्जन, पण दात घासायचे तरी आधी स्लाइड बनवील असा.

*

मला न्यायचं नाही असं त्यांचं आपापसात ठरलं होतं. मी विचारलं, "तुमच्यापैकी कंदिलाची काच कुणी पुसलीय?"

मी पुढचं विचारलं.

"वात कुणी कापलीय? रॉकेलच्या वासात जेवलाय कुणी? मग तुम्ही रोग न पाहिलेले डॉक्टर. मी येणार."

माझं शिक्षण चौथी. पण नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो रेडिओ उघडायचा, आणि पुन्हा बंद मी करायचे. वाजायचा तो त्यानंतर. तारांची भीती मला कोण घालणार?

मिलिंद मऊ आवाजात म्हणाला, "काकू, तसं नाही. तुम्हाला काही लागलं-खुपलं तर लायबिलिटी इश्यू होतो."

"त्या इश्यूला मागच्या सीटवर बसव. मी पुढे बसते."

बसले.

*

पहिलं घर बेसीबाईंचं. माझ्याच वयाच्या, तोंडात दात कमी पण नजर अशी की समोरच्यानं खिसे तपासावेत. मेंढ्या पाळायच्या आणि हातमागावर लोकरीचे गालिचे विणायच्या. दिवसभर मेंढ्यांमागे, म्हणजे विणायचं ते अंधार पडल्यावर, कंदिलात. डोळ्यांतून पाणी वाहायचं, धुरानं छत काळं झालेलं. मागाजवळ स्वच्छ उजेड हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या फक्त नावाहो भाषा बोलायच्या. त्यांची लेक लोरेन शाळेची बस चालवायची, ती इंग्रजी करून सांगायची.

माझं इंग्रजी मी वॉशिंग मशीनबरोबर आलेल्या पुस्तकावरून शिकलेय, त्यामुळे माझं निम्मं बोलणं 'डू नॉट'नं सुरू होतं. लोरेन म्हणाली, "आईला तुम्ही आवडलात. तीही असंच बोलते."

दिवा लावायच्या वेळी मी पिशवीतून नारळ काढला. मिलिंद घड्याळ बघायला लागला. मी उंबऱ्याशी दगडावर नारळ फोडला, आणि कुणी हात जोडायच्या आत बेसीबाईंच्या कुत्र्यानं नारळाची एक वाटी पळवली. दिवा लागला, तेव्हा अर्धी मंडळी कुत्र्यामागे माळावर होती.

मी कपाळाला हात लावला. अपशकुनच की! बेसीबाई काहीतरी बोलल्या. लोरेननं सांगितलं, "आई म्हणतेय, त्या कुत्र्यानं आजवर पाहुण्याचं काही खाल्लं नव्हतं. शुभ आहे."

त्या बाईशी माझं तिथेच जमलं.

*

महिन्याभरानं पाहणीला गेलो. बेसीबाई दारातच उभ्या, रागावलेल्या. लोरेन हसू दाबत म्हणाली, "आई म्हणते, हा दिवा तिला मेलेली समजतो."

झालं होतं असं, की बॅटरी वाचावी म्हणून मिलिंदनं दिव्याला सेन्सर लावला होता. खोलीत हालचाल नसली की दिवा आपोआप बंद. आता मागावर बसलेली बाई हलणार ती बोटं, तीही मागाच्या आड. सेन्सरला वाटायचं, खोलीत कुणी नाही. दर थोड्या वेळानं अंधार, की बाईंनी उठून हात ओवाळायचे.

"पण आता दिवा बंद होत नाहीये," मिलिंद आत डोकावून म्हणाला.

खरंच होत नव्हता. कारण बेसीबाईंनी एक कोकरू घरात आणून सोडलं होतं. ते इकडून तिकडे बागडत होतं आणि दिवा लख्ख जळत होता.

मिलिंदनं सेन्सर तपासला, कोकरू तपासलं. मग म्हणाला, "काकू, हे डिझाइनमध्ये नव्हतं."

मी पर्समधून पक्कड काढली आणि सेन्सरची तार सोडवली. कोकरू बाहेर गेलं. जाताना मिलिंदच्या पायावर आपली आठवण ठेवून गेलं.

*

मग आला नियम. या कामाला पैसे देणाऱ्या, आमच्या मराठी मंडळातल्या देणगीदारांनी मिलिंदला सांगितलं, रॉकेल बंद झालं याचा पुरावा द्या. मिलिंदनं स्लाइड केली: 'कंदील द्या, दिवा घ्या.' ज्या घरी सोलर बसेल, त्या घरानं आपले कंदील आमच्या हवाली करायचे.

लोकांनी दिले. फुटके, गंजलेले, तळ गळालेले. एका म्हाताऱ्या काकांनी तर कोरा करकरीत कंदील दिला, दुकानाचा स्टिकरही तसाच. मिलिंदनं विचारलं, "हा वापरत होता?"

"छे. माझ्याकडे नव्हताच. तुम्ही कंदील नसेल तर दिवा देत नाही म्हणालात, म्हणून परवा विकत आणला."

बेसीबाईंनी मात्र साफ नकार दिला. "सूर्य थंडीत आठ-आठ दिवस रुसतो," लोरेन त्यांचं सांगत होती. "हा रुसत नाही. राहू दे कोपऱ्यात."

मिलिंद मला म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा ना त्यांना समजावून."

मी म्हटलं, "मी कशाला सांगू? नवी सून आली म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढतं का?"

श्रीकांत एकदम पॅनेलचे स्क्रू तपासायला छपरावर चढला.

*

जमलेले कंदील गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मांडले. वर फलक: 'अंधाराला निरोप.' मिलिंदचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. आणि मग बायकांचा गराडा पडला.

"किती क्यूट आहेत यार! पॅटिओवर काय दिसतील."

"मला तो गंजका हवा. ऑथेंटिक वाटतो."

देणग्या देऊन बायकांनी एकूण एक कंदील उचलले. मिलिंद खूश. एक जण मला विचारायला आली, "काकू, यात घालायला रॉकेल कुठे मिळतं हो?"

मी म्हटलं, "ज्यांच्याकडून कंदील आणले त्यांना विचार. त्यांच्याकडे आता उरलं असेल."

*

सगळ्यांचे कंदील आले, बेसीबाईंचा राहिला. देणगीदार ऐकेनात. एका घराला सूट दिली तर सगळे मागतील म्हणे. शेवटी मिलिंद खालमानेनं म्हणाला, "या शनिवारी कंदील मिळाला नाही, तर त्यांची सिस्टम काढून आणावी लागेल. मला आवडत नाहीये, काकू."

"मग नको काढू."

"शब्द दिलाय."

मी चार तास गाडीत त्याच्याशी बोलले नाही. श्रीकांत म्हणतो, मिलिंदला इतका घाबरलेला त्यानं कधी पाहिला नव्हता.

मिलिंदचा एक शेवटचा उपाय होता, आणि तो म्हणजे अर्थातच प्रेझेंटेशन. बेसीबाईंच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. प्रोजेक्टरची तार गाडीच्या बॅटरीला जोडली. ऊन कललं तशी स्लाइड दिसायला लागली. रॉकेलचा धूर, काळी पडलेली फुप्फुसं, जळालेली घरं. बेसीबाई मांडीवर लोकर घेऊन सगळं शांतपणे बघत होत्या. मेंढ्याही बघत होत्या. निम्म्या स्लाइड झाल्या असतील, चादरीवरचं चित्र फिकट झालं, लुकलुकलं आणि गेलं.

मिलिंद गाडीत बसला. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

फोनला सिग्नल नाही. लोरेनचा पिकअप तिचा भाऊ पाणी भरायला घेऊन गेलेला, तो दुसऱ्या दिवशी येणार. थंडी उतरायला लागली. चांगली बॅटरी त्या माळावर एकच होती, आणि ती कुठे होती ते सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी श्रीकांतनं लोरेनला विचारलं. लोरेननं आईला. बेसीबाईंनी मागावरचं काम बाजूला ठेवलं आणि मानेनंच 'घ्या' म्हटलं.

मी पक्कड काढली. तारा सुटल्या आणि घरातला दिवा गेला. श्रीकांतनं बॅटरी उचलून गाडीपाशी आणली, पण तोवर बाहेर असा काळोख झाला होता की कुठली तार लाल नि कुठली काळी, ते मलाही दिसेना.

तेवढ्यात दारातून पिवळा उजेड आला. बेसीबाईंच्या हातात कंदील. काच लख्ख पुसलेली, वात सारखी कापलेली. त्या सरळ मिलिंदपाशी आल्या आणि कंदील त्याच्या हातात दिला.

"सरळ धर," मी म्हटलं. त्या दिवसातलं त्याच्याशी माझं पहिलं वाक्य. "डू नॉट हलव. काजळी धरते."

त्यानं दोन्ही हातांनी धरला. मी तारा जोडल्या. गाडी घरघरली आणि सुरू झाली.

मिलिंद कंदील घेऊन तसाच उभा. बेसीबाई लोरेनच्या कानात काहीतरी बोलल्या. लोरेननं घसा साफ केला.

"आई विचारतेय, कंदील आत्ताच घेऊन जाताय, की आधी तिची बॅटरी परत जोडताय?"