भांगाच्या दिवसांतला टँकर

नोकरीतल्या अनेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. खाडीकाठच्या त्या टँकरचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते.

भाईंदर पश्चिमेला आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. खाडीकाठच्या गावातली एक वयस्क बाई आली आणि तिने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर टोपली ठेवली. आत मेलेल्या निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातली छोटी मासळी, होती.

"मावशी, आधी ती खाली ठेवा. वास मारतोय."

"तुला आज मारतोय, मला रोज मारतोय. खाडीत कोन तरी इख ओततंय. लिवून घे."

ओहोटीला चिखलात हात घालून निवट्या पकडायच्या आणि विकायच्या, एवढाच तिचा उदरनिर्वाह होता. चिखल मेला तर तिला दुसरे काम नव्हते.

चौकशीत कळले, की कुठला तरी टँकर नाल्यातून खाडीत रसायन सोडतो; पण खाडी एका खात्याची, नाला दुसऱ्याचा आणि रस्ता तिसऱ्याचा. टँकर कोणाच्याच हद्दीत सापडत नव्हता. फिर्याद आमच्याकडे होती, म्हणून तपासही आम्हीच सुरू केला.

बाईने एक उपयुक्त गोष्ट सांगितली. निवट्या फक्त भांगाच्या दिवसांत मरत. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, त्याला भांग म्हणतात. त्या दिवसांत गावातले कोळी जाळी काढून ठेवतात. बाहेरचा चालक हे दिवस बघून येणार नाही. माणूस गावचाच असावा, असा अंदाज मी बांधला.

पुढच्या भांगात साध्या वेशातले दोन शिपाई नाल्याजवळ बसवले. दुपारी टँकर आला. चालकाने व्हॉल्व्ह उघडताच त्याला पकडले. पंचांसमक्ष नमुने घेऊन लाखेने सील केले. चालक पेणकरपाड्यात भाड्याने राहत होता, मूळचा खाडीकाठचा. माल कोणाचा, हे तो सांगेना.

"साहेब, मला काय माहीत? मी फक्त गाडी चालवतोय."

दोन तास तेच उत्तर. तेवढ्यात पुरवणी जबाबासाठी बोलावलेली बाई आली आणि दारातच थांबली. तो तिच्या भावाचा मुलगा होता.

"तू व्हय रं?"

"आत्ये, जाली वर असतात तवाच सोडलं गं. गाववाल्यांचं नुकसान नको म्हनून."

"अरे शान्या, भांगाला पानी वाहतंय का? सगलं चिखलातच बसलं. जाली वर व्हती, माझे हात खाली व्हते."

तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटांची कातडी सोलवटली होती. त्या हातांकडे पाहत त्याने कारखान्याचे नाव सांगितले आणि व्यवस्थापकाचेही.

मी बाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, "मावशी, तुमच्या फिर्यादीत भाचा आरोपी होईल."

"व्हऊ दे. खाडी काय त्याच्या बापाची हाय? पन त्याला मारायचं न्हाय, सांगून ठेवतेय."

तिने जबाबावर सही केली. दुसऱ्या दिवशी ती कोठडीतल्या भाच्यासाठी डबा घेऊन आली. नियमाप्रमाणे अंमलदाराने तो उघडून तपासला.

"काय मावशी, निवट्या?"

"येडा हाय का? सुकट हाय, केबिन रोडच्या बाजारातून आनलेली. खाडीचं त्याला कशाला घालू?"

नमुन्यांचा अहवाल आला, कारखान्याचा मालक आणि व्यवस्थापक यांना अटक झाली. चालकाला न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा जामीनदार म्हणून तीच उभी राहिली. फिर्यादीच आरोपीचा जामीनदार, हे मी पूर्ण नोकरीत एकदाच पाहिले. चालकाच्या वकीलसाहेबांनी दोनदा विचारून खात्री केली.

नातेवाईक आरोपी निघाला की फिर्यादी फिरतो, हे पोलीस गृहीतच धरतो. मीही धरले होते. ही बाई फिरली नाही आणि तिने भाच्यालाही सोडले नाही. सरकारी नोंदींत खाडीचे धनी बरेच होते, पण तक्रार घेऊन ठाण्यात आली ती ही एकटीच. तिच्यामुळे मी शिकलो, की कठोर व्हायला मन कोरडे करावे लागत नाही.

न्यायालयाबाहेर भाचा मान खाली घालून उभा होता. त्याच्या दंडाला धरून ती म्हणाली, "चल घरी. खाडीतला चिखल धुवायचा हाय, माज्यासंगं तू बी उतर."