गायकवाड सरांचं दाढीचं मशीन

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एक आजारी माणूस आणि आठ-दहा मास्तर एका खोलीत बसवा, ढीग आपोआप लागतो. सत्तरच्या दशकात मी परतूरच्या एका शाळेत गणित शिकवायचो. आमच्या स्टाफरूममधला आजारी माणूस म्हणजे इतिहासाचे गायकवाड सर. बाकीचे सगळे डॉक्टर!

सरांना साखरेचा आजार होता. दाढी करताना हनुवटीला ब्लेड लागलं, एवढंसं. ते चिघळलं आणि सर तीन आठवडे औरंगाबादला दवाखान्यात पडून होते. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आता ब्लेड नको, वस्तराही नको. पुन्हा कापलं तर या वेळेसारखं निभावेल याची खात्री नाही. विजेवरचं मशीन घ्या." वहिनींनी घरातली सगळी ब्लेडं उकिरड्यावर नेऊन पुरली. मीही घाबरलो होतो. सरांइतका सरळ माणूस त्या शाळेत दुसरा नव्हता.

*

पहिला सल्ला फुकटाचा होता. कुणीतरी म्हणालं, दाढीच वाढवा. हेडमास्तरांनी मान वर न करता फर्मावलं, "शाळेत दाढी चालणार न्हाई. शिस्तीचा प्रश्न आहे."

हे सांगताना हेडमास्तरांच्या शर्टाला तीन बटणं कमी होती आणि पायात बाथरूमच्या चपला होत्या.

*

मग सायन्सचे काळे सर. त्यांचं म्हणणं, साखरेच्या माणसानं गालाला करंट लावला की रक्त गोठतं. "नववीच्या पुस्तकात बराबर दिलेलं आहे," म्हणाले.

मी नववीचं पुस्तक उघडलं. त्यात विजेच्या झटक्यानं तंगडी उडवणारा एक मेलेला बेडूक होता. काळे सर म्हणाले, "तेच सांगून राह्यलो ना मी!" आणि हा माणूस अकरा वर्षं सायन्स शिकवत होता.

*

वाटूरचे देशमुख सर मोठे जमीनदार. नोकरी हौसेची, सल्ले त्याहून हौसेचे. "कशाला मशीनचा खर्चा? न्हाव्याकडं जा की. हलक्या हाताचा बघा, झालं."

गायकवाड सरही वाटूरचेच. ते शांतपणे म्हणाले, "वाटूरला न्हावी होता सर. तुमच्या घरी यायचा. आमच्या अण्णाची दाढी जन्मभर आमच्या मायनं केली."

देशमुख सर खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या हातातच होता.

*

शेवटी एका रविवारी सर आणि मी पॅसेंजरनं जालन्याला गेलो. दुकानदारानं मखमलीच्या डबीतलं मशीन काढलं. "दुबईका माल है साब. बिलकुल मख्खन."

सरांनी घरून प्रश्न लिहून आणले होते. पात्यावरची जाळी निघते का? स्पिरिटनं धुता येते का? तिची कड टोचते का?

"जाळी धुनेकू कौन बोल्या? दाढी करो, फूंक मारो, बस."

"तुम्ही रोज हेच वापरता का?" सरांनी विचारलं. दुकानदाराला छातीपर्यंत दाढी होती.

मग मी गाल पुढे केला. वायर लावली, मशीन घूं घूं करायला लागलं. डावा गाल साफ झाला आणि लाइट गेली. तासभर वाट पाहिली. आली नाही.

सर म्हणाले, "आपल्याकडं तर लाइट रोजच जाते. याचा काय उपयोग?" मग दुकानदारानं नाराजीनं खालच्या फळीवरून सेलवर चालणारं एक साधं मशीन काढलं. मखमल नाही, दुबई नाही. जाळी निघत होती. सरांनी ती मनगटाच्या आतल्या कातडीवर दहा वेळा फिरवून पाहिली. किंमत दुबईवाल्याच्या निम्म्याहून कमी. सरांनी तेच घेतलं. उजव्या गालाची दाढी घेऊन मी तसाच परतूरला आलो.

*

दोन महिने झाले. सरांच्या गालावर ओरखडाही नव्हता. आता स्टाफरूममध्ये जो तो सांगत होता, मशीनचं मीच सुचवलं होतं. काळे सर तर करंटचे फायदे सांगत होते.

*

त्याच उन्हाळ्यात वाटूरला देशमुख सरांच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या सकाळी त्यांचा न्हावी तापानं फणफणलेला. स्वतःच्या हातानं दाढी करायची त्यांना कधी सवयच नव्हती. मी गायकवाड सरांच्या तिथल्या घरी ओट्यावर चहा पीत होतो, तेवढ्यात देशमुख सर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पायरीच्या खालीच उभे राहिले.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"न्हाई, न्हाई. आत्ताच पिऊन आल्तो," देशमुख सर म्हणाले. मग गाल चोळत म्हणाले, "सर, ते मशीन द्या जरा. तासाभरात आणून देतो. वऱ्हाड दारात यायची वेळ झाली."

गायकवाड सर उठले. आत जाऊन मशीन घेऊन आले, जाळी काढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि मशीन डबीत बंद केलं.

"दिलं असतं सर," ते म्हणाले. "पण डॉक्टरनं बजावलंय, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई."