चेहरा न देणारे साहेब

आता बसलाच आहात तर चहा येईपर्यंत माझी फजिती ऐका. हवं तेवढं हसा, पण आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका. ती अजून धुमसतेय!

झालं काय, मुलीकडे मुंबईला जायचं होतं. नातीचं बारसं! जावयानं सोलापुरातूनच विमानाचं तिकीट काढलं आणि फोनवर सहज म्हणाला, "बाबा, हल्ली विमानतळावर कार्डबिर्ड दाखवत बसायला नको. कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, तो चेहरा ओळखतो, दार उघडतं."

झालं! मला चैन पडेना. माझं तोंड त्या कॅमेऱ्यातून जातं कुठं? ठेवतं कोण? मी नंतर म्हटलं, पुसून टाका, तर पुसतात का? जावयाला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे."

अहो, मी जन्मभर बँकेत सह्या जुळवल्या. सही चोरीला गेली तर माणूस नवी सही करतो. तोंड चोरीला गेलं तर नवं कुठून आणू? सांगा, यात माझं काय चुकलं? आजही माझं मत तेच आहे.

टपरीवर मी हेच ठणकावून सांगितलं. "मी चेहरा देणार नाही! माणसानं माझं कार्ड बघावं आणि मला आत सोडावं!"

आमचा रेवणअण्णा ऐकून उभाच राहिला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं पोरगं दहावी पास होवो, अण्णाचा फ्लेक्स चौकात लागलाच म्हणून समजा.

"लई भारी बोललासा, साहेब! तुमचा एक फोटो द्या की."

"कशाला?"

"द्या तर!"

दिला. तिरुपतीहून आल्यावरचा, गॉगलवाला दिला. तो जरा बरा आलाय.

निघायच्या दिवशी रिक्षा विमानतळाच्या रस्त्याला वळली आणि ही किंचाळली, "अगं बाई! हे तुमी हाय का काय?"

चौकात मी! दोन मजली मी! गॉगल लावून, हात जोडून. ते हात माझे नव्हते बरं का, अण्णानं कुणाचे तरी आणून चिकटवले होते. खाली लाल अक्षरांत, 'चेहरा देणार नाही! आमच्या लाडक्या साहेबांना पहिल्या विमानप्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा!' त्याखाली पूर्ण नाव, गल्ली आणि मोबाइल नंबर!

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "कुठल्या वॉर्डातनं उभारलाय, साहेब?"

ही तोंडाला पदर लावून बसली ती विमानतळ येईपर्यंत.

तिथं उतरलो. छाती काढून दारावरच्या पोलिसाला विचारलं, "कुठाय तो चेहरा ओळखणारा कॅमेरा? मी त्याच्यापुढे उभा राहणार नाही. माझा विरोध आहे!"

"काका, तसलं मशीन हितं न्हाय. आधार काढा."

न्हाय? खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आठवडाभर पाठ केलेलं भाषण घशातच राहिलं की हो!

मुकाट्यानं कार्ड दिलं. पोलीस कार्डाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा कार्डाकडे. फोटोत डोक्यावर भरगच्च केस आणि काळीभोर मिशी. प्रत्यक्षात मी नुकताच तिरुपतीहून आलेलो, वर चकचकीत, मिशीही गायब.

"ह्यो तुमीच हाय कशावरनं?"

विमान सुटलं तर बारसं गेलं! मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला नका इचारू. सकाळपासनं मीच वळखंना झालीय ह्यास्नी."

पोलिसानं डोळे बारीक केले. "थांबा. खिशात गॉगल हाय न्हवं? लावा बघू."

लावला.

"व्हय की! चौकातलेच हाय की तुमी! नाव बी तेच. जावा आत."

म्हणजे तोंडावरूनच ओळखलं! आता यावर विरोध कुणाकडे नोंदवू?

आत पोचतो न पोचतो तोच एक कॉलेजातली मुलगी धावत आली. "काका, चेहरा न देणारे तुम्हीच ना? एक सेल्फी?"

हिनं डोळे वटारले. तिकडे विमानाला रांग लागलेली.

मी गॉगल सारखा केला, मान जरा उजवीकडे वळवली आणि म्हणालो, "उजेडात काढ गं बाळ. आणि सगळ्या ग्रुपवर पाठव!"