रुमालाखालची बोटं

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा. समोरच्याची जितकी बोटं धरली, तितके हजार. याच धंद्यावर मी लातुरात दोन मजली घर बांधलं आणि वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना दिल्या.

पण भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या जमिनीवर झोपलो होतो, तेव्हापासून बोटं आखडायची. एका पावसाळ्यात बैल घेताना तीन बोटं धरायला गेलो, चौथंही मुठीत आलं. विकणाऱ्याने लगेच 'दिला' म्हटलं. रुमालाखाली दिलेला भाव फिरवता येत नाही. माझा जुना भागीदार बाजारभर सांगत सुटला, "त्याच्या हातात भाव ऱ्हायला न्हाई. त्याच्याशी तोंडानंच बोला." तोंडाने बोललेला भाव सगळा बाजार ऐकतो. म्हणजे माझा धंदा बसलाच. त्याचा राग मला आजही आहे.

बायकोने मला होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई विचारतच राहिल्या. झोप कशी लागते? ओल चढली की जास्त दुखतं का? हलवताना आधी दुखून मग हात मोकळा होतो का?

"राग येतो का?"

"न्हाई," मी ओरडलो. बायको पदर तोंडाला लावून हसली.

बाईंनी रस टॉक्स नावाच्या औषधाच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. मी म्हणालो, "दोन महिन्यांच्या एकदम घेतो, कमी करा."

"दोन आठवड्यांनी हात दाखवायला या. तेवढ्याच मिळतील."

आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता, सांगितलेल्या भावात घेऊन उठलो.

दिवाळीपर्यंत मूठ सुटी झाली. बायको म्हणते गोळ्यांनी, मी म्हणतो पाऊस उघडल्याने. यावर आमचं अजून मजेत भांडण चालतं.

त्यानंतरच्या बाजारात भागीदारच बैलजोडी घेऊन उभा. मी त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि त्याची तीनच बोटं धरली, चौथ्याला स्पर्शही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"हात बरा झाला की, शेठ."

"भाव कर."

"या भावात कुठं जमतंय? चार बैलांचं काम करती ही जोडी."

"तोंडानं कशाला सांगायलास? बोटं धर की."

भोवती माणसं जमली. भाव कोणालाच ऐकू येत नव्हता. मला जोडीची गरज नव्हती, तरी दुपारपर्यंत त्याचा हात सोडला नाही.