रॉडला दुसरा हात

माझी थोरली बहीण दीना भिंगारच्या शाळेत खेळाची शिक्षिका. आमचा भाऊ जॉर्ज लष्करातून निवृत्त होऊन अंदमानातच राहिला. हौशी लोकांना बोटीतून मासेमारीला नेतो. त्याने ताईला एकदा रॉड आणि पॉपर पाठवला. पॉपर म्हणजे लाकडाचा रंगीत मासा, तोंड खोलगट. दोरीला बांधून लांब फेकायचा आणि रॉडला हिसका द्यायचा. तो ‘गुळ्ळूप’ करून पाणी उडवतो. मग थांबायचं. पुन्हा हिसका. वर काहीतरी तडफडतंय असं वाटून खालून दांडगा ट्रेव्हॅली मासा येतो आणि पाणी फोडून त्याच्यावर तुटून पडतो.

दर रविवारी चर्च सुटलं की ताई मुळा धरणावर. सरावासाठी गळ काढून नुसता पॉपर फेकायची. काठावरचे हसायचे. “बाई, कुनाला हाका मारताय?” बाई पाण्यापाशी दिसली की ती धुणं धुवायला आली असेल नाहीतर जीव द्यायला, याच्यापुढे यांची अक्कल जातच नाही.

शिकायचं होतं ते थांबणं. पाणी उसळलेलं दिसलं की हात आपोआप रॉड ओढतो आणि पॉपर माशाच्या तोंडातून निसटतो. दोरीला वजन लागेपर्यंत कळ काढायची. आणि बोटीवरचा एक दंडक जॉर्जने फोनवर सांगितला होता: रॉडला दुसऱ्याचा हात लागला, की तो मासा तुमचा राहत नाही. ताईला तो स्वतःचा हवा होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जॉर्जच्या बोटीवर गेलो. ताई, तिचा नवरा जॉयदाजी आणि मी. मासा आला. ताईने कळ काढली, वजन लागलं, मग हिसका दिला. मासा तिला बोटीच्या कठड्यापर्यंत ओढत गेला, तरी ती भारी पडत होती. आणि दाजींनी झडप घातली. “सोड, तुला न्हाई झेपायचं.” रॉड हातातून काढूनच घेतला. फोटोत मासा दाजींच्या हातात. फोटो काढून झाल्यावर जॉर्ज कुणाकडेच बघत नव्हता.

भिंगारला दाजींचा शाल देऊन सत्कार झाला. त्यांनी ती घेतली! बायका ताईला म्हणाल्या, नशीबवान आहेस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी ताईने विचारलं, “तुम्हाला कुणी बोलावलं होतं?”

“अगं, पडली असतीस तू. जीव घाबरला हुता माझा.”

ते खरंच होतं. म्हणून तर जास्त संताप येतो.

पुढच्या दिवाळीत ताईने परत तिकीट काढलं. दाजींनी हळूच विचारलं, “मी येऊ का?”

“या. पण हात मांडीखाली घालून बसायचं.”

बोटीवर तसेच बसले बिचारे. मासा आला, पाणी फुटलं, ताई थांबली, मग हिसका दिला. या वेळचा मासा मोठा होता. ताई गुडघ्यांवर आपटली, गुडघा फुटला. दाजी अर्धवट उठले. ताईने मागे न बघता म्हटलं, “बसा.”

ते बसले. मासा खडकाखाली घुसला आणि दोरी तुटली.

“गेला गं,” दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“गेला तर गेला. माझ्या हातून गेला.” ताई कठड्याला धरून उभी राहिली. मग जॉर्जला म्हणाली, “काढ आता माझा फोटो.”