ताईनं ट्यूब सोडली तेव्हा

माझी मोठी ताई एसटीत कंडक्टर आहे. भंडारा-पवनी गाडीवर तिची ड्युटी असते आणि दिवसभर माणसं तिच्या तोंडाकडे बघत तिकीट मागतात. त्यामुळे तिच्या तोंडाभोवती पुरळ उठलं, तेव्हा ते लपवायला जागाच नव्हती.

सुरुवातीला हनुवटीवर बारीक लाल पुटकुळ्या होत्या. उन्हानं झालं असेल म्हणून तिनं मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली. ती लावली आणि चेहरा आरशासारखा झाला. ताई खूश. पण लावणं थांबवलं की पुरळ परत यायचं, आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा ट्यूब. असं करता करता ते नाकाच्या कडेपर्यंत चढलं. कातडी ओढायची, आग व्हायची. आईनं हळद आणि साय लावून पाहिली, तर ते आणखी भडकलं.

शेवटी मी तिला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर भली मोठी रांग होती, तरी डॉक्टर मॅडमनं घाई केली नाही. ताईला खिडकीच्या उजेडात उभं करून त्या मला म्हणाल्या, "बघा, ओठांना लागून एक बारीक पट्टी अगदी कोरी आहे, आणि तिच्या बाहेर पुरळ. हे नेहमीचे मुरुम नाहीत." मग त्यांनी ताईला विचारलं, "काय लावता चेहऱ्याला?"

ताईनं पर्समधून ट्यूब काढून दिली.

"यात स्टिरॉइड आहे. हेच पुरळ दाबतं आणि हेच वाढवतं. आजपासून बंद. पावडर, क्रीम, साय, काही नाही. साध्या पाण्यानं तोंड धुवा. टूथपेस्टही काही दिवस बिनाफ्लोराइडची वापरा. मी गोळ्या देते, त्या काही आठवडे घ्या." चिठ्ठी लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "एक आधीच सांगते. ट्यूब सोडली की आधी वाढेल. बरंच वाढेल. तेव्हा हात ट्यूबकडे जाईल. तेवढं सांभाळा."

"कोणाले लागत तं नाही ना हे?" ताईनं विचारलं.

"नाही. कोणालाच लागत नाही."

माझं लग्न महिन्यावर आलं होतं. मी विचारलं, "मॅडम, लग्न झाल्यावर सुरू केलं तर?" मॅडम बोलायच्या आधी ताईच म्हणाली, "नाही. आजपासूनच."

आणि ते वाढलं. हनुवटी, ओठांच्या दोन्ही कडा, सगळं लालभडक झालं, वर पिवळसर फोड आले. आई म्हणाली, "ओढणी तं बांध वो तोंडाले." ताई म्हणाली, "त्यात घाम कोंडते, आई. अजून आग होते." तशीच उघड्या तोंडानं ती ड्युटीवर जायची. एकदा लग्नाच्या साड्या घ्यायला मी तिच्याच गाडीत बसले होते. एका म्हाताऱ्या बाईनं तिकिटाचं टोक चिमटीत धरलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय वो बाई, हे लागते काय?" अर्धी गाडी वळून बघू लागली. माझाच चेहरा तापला.

"नाही लागत, मावशी," ताई म्हणाली. "चुकीची ट्यूब लावली होती, आता सोडली. उतरन हळूहळू. तुम्हाले अड्याळलेच उतराचं ना?"

म्हातारीनं मान हलवली. ताई पुढच्या सीटकडे गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तुमसरची मावशी आली. तिनं येताना तसलीच एक ट्यूब आणली होती. "एका दिवसाचं काम हाय, पोरी. फोटो जनमभर राहतात." ताईनं ती ट्यूब हातात घेतली, झाकण फिरवून उघडली. मी मेंदीचे हात वर धरून समोरच बसले होते. तिला किती दुखत होतं ते मी पाहत होते.

ताईनं झाकण परत लावलं. "मावशी, आग होते तवा मले हेच आठवते. घरात ठेवशीन तं मी लावीन. तू हे घेऊन जाय बापा." एवढं सांगून ती उठली, नळावर जाऊन तोंडावर गार पाणी मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी विहारात ती पांढरी साडी नेसून माझ्या शेजारी उभी राहिली. चेहऱ्यावर पावडरचा कणही नव्हता. बायकांची कुजबुज मला ऐकू येत होती, तिलाही आली असणार. तोंड उघडलं की तिची कातडी ताणायची, तरी तिनं पंचशील शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटलं. माझ्या लग्नातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी माहेरी आले तेव्हा पुरळ बरंचसं उतरलं होतं. हनुवटीवर तपकिरी डाग तेवढे राहिले होते, पुढे तेही विरले. मधे एकदा थोडं परतही आलं. ताईनं काही लावलं नाही, सरळ दवाखाना गाठला. मी सोबत होते. मॅडम म्हणाल्या, "बहुतेक जण मधेच ट्यूबकडे वळतात. तुम्ही खूप सोसलंत."

"मॅडम, तुम्ही आधीच सांगतलं होतं वाढन म्हणून," ताई म्हणाली. "नाहीतं मी पहिल्याच आठवड्यात घाबरून लावली असती."

मॅडम हसल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.